दर आठवड्याला नवाच संघ! खालच्या लीगमधल्या बायकांच्या फुटी संघाला आपलं म्हणायचं कसं?

तार्नीटकर

नमस्कार मंडळी.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो. गेल्या वर्षी धाकट्या लेकीला (वय ११) शाळेतल्या मैत्रिणींमुळे फुटीचं, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं, वेड लागलं. क्रिकेटची बॅट गॅरेजमध्ये गेली आणि घरात लंबगोल लाल बॉल आला. पाठोपाठ एक फ्लॉवरपॉट गेला, ते असो.

टीव्हीवर दिसते ती वरची लीग, एएफएलडब्ल्यू. ती ऑगस्ट ते नोव्हेंबर. तोवर काय बघायचं म्हणून एप्रिलपासून आम्ही जवळच्या एका क्लबच्या व्हीएफएलडब्ल्यू सामन्यांना जाऊ लागलो. ही व्हिक्टोरिया राज्याची लीग, वरच्या लीगच्या एक पायरी खाली. (क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या बाजूला एकापेक्षा जास्त आहेत, बसा ओळखत.) मैदान आटोपशीर, गर्दी बेताची, आणि क्वार्टर संपला की प्रेक्षकांनी सरळ आत उतरून कोचचं बोलणं ऐकायचं. लेक तर खेळाडूंच्या कोंडाळ्यात नाक खुपसून उभी असते.

आता अडचण. गेल्या चार सामन्यांत चार वेगळे संघ पाहिले. लेकीने वाढदिवसाच्या पैशांतून जर्सी घेतली आणि पाठीवर हट्टाने २१ नंबर छापून घेतला, कारण २१ नंबरवाली डावखुऱ्या पायाची मुलगी तिची लाडकी. पंधरा दिवसांत २१ नंबर गायब! वरच्या एका क्लबमध्ये कुणाचा तरी गुडघा गेला, तिच्या जागी हिला उचललं. लेक दोन दिवस जर्सीकडे बघतसुद्धा नव्हती.

वेळापत्रकाचं तर बोलूच नका. मागच्या महिन्यात रविवारी बाराला सामना म्हणून डबा भरून पोचलो. मैदानावर एक आजोबा कुत्रं फिरवत होते. सामना शनिवारी सकाळीच होऊन गेला होता.

तर प्रश्न असा: या संघात जीव गुंतवावा का? की सरळ वरच्या लीगमधल्या एखाद्या क्लबचा मफलर घेऊन मोकळं व्हावं?

वांगीभात

खेळाच्या नावातच फूट आहे हो. संघ एकत्र राहणार कसा?

खडकवासल्याचा_खडूस

हे म्हणजे रग्बी ना?

तार्नीटकर

@खडूस, नाही. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून लाथेने मारला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. बॉल हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसायचा. लाथ मारून आलेला बॉल हवेतच पकडला तर 'मार्क', मग कुणी अंगावर यायचं नाही.

खडकवासल्याचा_खडूस

नेम चुकला तरी एक गुण? हा खेळ आपल्याला जमेल.

मीनल_जिलाँग

तार्नीटकरदादा, मी अशाच एका संघात दोन हंगाम ट्रेनर म्हणून राबलेय. ट्रेनर म्हणजे व्यायाम शिकवणारी नव्हे. घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन पळायचं, नाकातून रक्त आलं की बोळा कोंबायचा. त्यामुळे आतलं थोडं ठाऊक आहे.

तुम्ही ज्याला संघ म्हणता ना, तो गुरुवारी रात्रीपर्यंत अस्तित्वातच नसतो. क्लबच्या स्वतःच्या मुली असतात: नर्स, शिक्षिका, सुतारकाम करणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या. दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या. त्यांच्यात वरच्या लीगच्या करारावरच्या काही जणी येऊन मिसळतात. टॅलेंट लीगमधल्या, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलीही येतात (तुमच्या बाजूला वेस्टर्न जेट्स आहे, तिथल्या असतील). आणि कुणाची ड्यूटी लागली, कुणाला ताप आला, की गावातल्या लीगमधून एखादीला शुक्रवारी फोन जातो. एकदा एक मुलगी मैदानावर आली आणि मलाच विचारते, "आपला रंग कुठला?"

वरच्या करारवाल्या जूनच्या आसपास सगळ्यात जास्त घोळ घालतात. त्यांचा वरचा हंगाम ऑगस्टमध्ये, म्हणजे पूर्वतयारी ऐन आपल्या लीगच्या मध्यावर. मग वरचा कोच सांगणार, हिला या आठवड्यात दोनच क्वार्टर खेळवा, तिला विश्रांती द्या. आमचा बिचारा कोच ते मुकाट ऐकणार. बायकांमध्ये गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापती भरपूर, त्यामुळे जपतात, त्यात चूक नाही. पण तुमच्या लेकीला वाटतं संघ बदलला, आणि तो खरंच बदललेला असतो.

जुना_मेलबर्नकर

मीनल, छान लिहिलंस. थोडी जुनी गोष्ट सांगतो, म्हाताऱ्यांना तेवढंच काम.

बायकांची राज्य लीग इथे १९८१ पासून आहे. व्हीएफएलडब्ल्यू हे नाव २०१६ चं. त्या काळात डॅरेबिन फाल्कन्स नावाचा क्लब होता, अजूनही आहे. फक्त बायकांचा, मागे कुठला बडा पुरुषांचा क्लब नाही. २०१३ ते २०१७ ओळीने पाच अजिंक्यपदं! डेझी पीअर्स त्यांचीच. आता ती पर्थला वेस्ट कोस्टच्या बायकांच्या संघाची कोच आहे.

मग २०१७ मध्ये वरची लीग सुरू झाली, आठ संघांची. ३ फेब्रुवारीला कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड, प्रिन्सेस पार्कवर. मी आणि बायको ट्रामने गेलो आणि बाहेरच राहिलो. आत २४,५६८ माणसं, दारं बंद. ही लीग चालवणाऱ्या एएफएलचे तेव्हाचे मुख्याधिकारी गिलन मॅक्लाक्लन बाहेर येऊन लोकांची माफी मागत होते. बायको म्हणाली, बायकांच्या खेळाला जागा मिळाली नाही म्हणून पहिल्यांदाच आनंद होतोय.

पण डॅरेबिनचं काय झालं बघा. वरच्या लीगने खेळाडू नेले, मग वरचे क्लब आपापले संघ खालच्या लीगमध्येही उतरवू लागले, आणि ओळीने पाच वेळा जिंकलेला क्लब तळाला गेला. तार्नीटकर, तुमच्या लेकीचा २१ नंबर गेला. यांचे सगळेच नंबर गेले.

केतकी_पर्थ

आमच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यातली बायकांची लीग म्हणजे डब्ल्यूएएफएलडब्ल्यू. २०१९ पासून आहे आणि नाव अजून एका दमात म्हणता येत नाही.

अनुस्वार

बायकोला "मी डब्ल्यूएएफएलडब्ल्यू बघायला जातोय" सांगेपर्यंत पहिला क्वार्टर संपत असेल.

ॲडलेडची_आत्या

आमची साउथ ऑस्ट्रेलियाची राज्य लीग, एसएएनएफएलडब्ल्यू, २०१७ मध्ये चार क्लबांवर सुरू झाली. हंगाम लवकर, उन्हाळ्याच्या शेपटाला. सुरुवातीचे सामने टोपी-पाणी घेऊन बघायचे आणि शेवटचे कानटोपी घालून. पण एक गोष्ट बरी, वरच्या लीगच्या तयारीआधी आमचं बरंचसं उरकतं. मीनल म्हणते तो जूनचा घोळ आमच्याकडे त्यामानाने कमी.

खडकवासल्याचा_खडूस

आत्याबाई, मीनलताई, राग मानू नका, पण रोखठोक बोलतो. काल रात्री जागून अशा एका सामन्याची चित्रफीत पाहिली. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन्ही संघ मिळून एक गोल. बॉल चिखलात, त्याच्यावर दहा मुली. वरची लीग असताना दुय्यम माल कशाला बघायचा? खेळाडू वर जाणार हे ठरलेलंच, तर प्रेक्षकांनीही वर जावं.

मीनल_जिलाँग

@खडूस, जूनमध्ये मेलबर्नच्या पावसात तुम्ही तो बॉल एकदा पकडून दाखवा. साबणाची वडी असते.

आणि "वर जावं" म्हणता, तर वरच्यांची पण एक गोची सांगते, ही कुणी बोलत नाही. वरच्या क्लबच्या यादीत तीसेक जणी असतात. सामन्याला लागतात एकवीस, १६ मैदानात आणि ५ बदली. उरलेल्या नऊ-दहा जणींनी काय करायचं? पुरुषांमध्ये ज्याला जागा मिळत नाही तो त्याच आठवड्यात खालच्या लीगमध्ये खेळतो, चमकला की परत वर. बायकांची खालची लीग मात्र वरची सुरू व्हायच्या सुमारास आटोपलेली असते! म्हणजे नोव्हेंबरपर्यंत या मुलींनी आपसात सराव सामने खेळायचे, गुण मोजतं-न-मोजतं असे. पायाला खऱ्या सामन्याची सवयच राहत नाही. मग ऑक्टोबरात कुणी जखमी झालं की यांनाच एकदम मैदानात ढकलायचं.

तेव्हा खालचा संघ फुटतो तो वरच्यामुळे, आणि वरच्यालाही खालचा हवा तेव्हा मिळत नाही. दोष दर्जाचा नाही, कॅलेंडरचा आहे.

अनुस्वार

सासू-सून एकाच घरात, पण एक उठते तेव्हा दुसरी झोपते.

खडकवासल्याचा_खडूस

हे मला माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. चिखल अमान्य.

फोर्टचा_फुरसुंगीकर

मग दोन्ही लीग एकाच वेळी का घेत नाहीत? साधी गोष्ट आहे.

मीनल_जिलाँग

बोलायला साधी. ऑगस्ट-सप्टेंबरला पुरुषांचा हंगाम ऐन रंगात असतो, मैदानं त्यांच्याकडे. वरच्या लीगच्या अठरा संघांना मैदानं मिळवताना नाकी नऊ येतात. खालच्यांना कोण विचारतो? शिवाय गावोगावच्या लीग एप्रिल ते ऑगस्ट चालतात. खालची लीग पुढे ढकलली तर गावाकडून बोलवायला मुलीच उरणार नाहीत, आणि नोकरीवाल्या मुलींचा हंगाम पार नोव्हेंबरपर्यंत लांबेल. त्यांना यातून मिळतं ते पेट्रोलला पुरतं म्हणा.

आणि तुमचा रविवारचा सामना शनिवारी सकाळी गेला ना दादा? बहुतेक पुरुषांच्या सामन्याच्या आधी चिकटवला असणार. एकच रुग्णवाहिका, एकच गेटवाला, कॅमेराही तोच. माझा एक सामना सकाळी इतक्या लवकर होता की गवतावर दव होतं आणि पाय गार पडल्यामुळे चिकटपट्ट्या चिकटत नव्हत्या. हेअरड्रायरने घोटे शेकले.

ट्रामवाली_तारा

हंगाम हलवण्याचा कळस २०२२ मध्ये झाला. वरची लीग जानेवारीत सुरू झाली, ९ एप्रिलला ॲडलेड जिंकली. मग ठरलं की यापुढे ऑगस्टपासून. झालं, त्याच वर्षी २५ ऑगस्टला पुन्हा नवा हंगाम! एका वर्षात दोन विजेते, एप्रिलमध्ये ॲडलेड, नोव्हेंबरमध्ये मेलबर्न. आणि त्याच वेळी चार नवे संघ: एसेंडन, हॉथॉर्न, पोर्ट ॲडलेड, सिडनी. चार संघ म्हणजे शंभरावर जागा. कुठून भरल्या? बऱ्याचशा खालूनच.

मी एसेंडनवाली. त्या वर्षी खालची लीग आम्ही जिंकलो. कर्णधार जॉर्जिया नॅन्सकॉवेन, पूर्वाश्रमीची ऑस्ट्रेलियाची ऑलिंपिक हॉकीपटू. लगेच ऑगस्टमध्ये आमचा वरचा संघ हॉथॉर्नविरुद्ध मार्व्हल स्टेडियमवर उतरला आणि कर्णधारासकट बऱ्याच ओळखीच्या चेहऱ्यांनी वरची जर्सी घातली होती. माझ्या डोळ्यांत पाणी. पुढच्या वर्षी खालच्या संघाचा सामना बघायला गेले तर मोजून तीन जणी ओळखीच्या. पुन्हा डोळ्यांत पाणी, वेगळ्या कारणाने.

पण मला विचाराल तर हीच गंमत आहे. वर गेलेली प्रत्येक मुलगी मी पंधरा फुटांवरून पाहिली आहे.

जुना_मेलबर्नकर

तारा, कोविड विसरलीस. २०२० ची खालची लीग झालीच नाही. २०२१ मध्ये कॉलिंगवूड आणि जिलाँग अंतिम सामन्याला पोचले, सामना पुढे ढकलला, पुन्हा ढकलला, शेवटी रद्द. विजेता कुणीच नाही. २०२० मध्ये वरच्या लीगमध्येही तेच. पर्थकडची फ्रीमँटल एकही सामना न हरता बसली होती, पण हंगाम मध्येच थांबवला आणि चषक कुणालाच नाही.

केतकी_पर्थ

फ्रीमँटलचा विषय नको. अजून घरात बोलत नाही आम्ही.

फोर्टचा_फुरसुंगीकर

विषयांतर करतो, पण संबंध आहे. १७ फेब्रुवारी २०१३, ब्रेबॉर्न स्टेडियम, बायकांच्या विश्वचषकाची फायनल. मी ऑफिसातून दांडी... छे, रविवार होता, घरून दांडी मारून गेलो होतो. ऑस्ट्रेलियाच्या जेस कॅमेरॉनने ७५ धावा कुटल्या आणि वेस्ट इंडिजचा निकाल लावला. सामनावीर तीच. चर्चगेटला परतताना मी म्हटलं, ही पोरगी दहा वर्षं खेळणार.

खेळली की! पण फुटी! लग्नानंतर जेस डफिन. कॉलिंगवूडकडून, मग नॉर्थ मेलबर्नकडून वरच्या लीगमध्ये, आणि २०१९ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, निवड. मला हे काल हा धागा वाचताना शोधाशोध केल्यावर कळलं. म्हणजे तार्नीटकर, तुमची एकवीस नंबर निदान खेळ तरी तोच खेळतेय.

ट्रामवाली_तारा

@फुरसुंगीकर, वा! ॲडलेडची एरिन फिलिप्स बास्केटबॉलमधून आलेली, ऑलिंपिक रौप्यपदकवाली. आणि आयर्लंडच्या मेयोची कोरा स्टाँटन चाळिसाव्या वर्षीही सिडनीच्या जायंट्सकडून खेळत होती. मी चाळिसाव्या वर्षी ट्राम पकडायला धावले तर दोन दिवस पाय शेकत होते.

सांगलीची_सई

धागा वाचून बाबांची आठवण आली. आमच्याकडे बायकांच्या क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षं हेच. जिल्ह्यात मुलगी घडवायची, राज्याकडून जरा चमकली की रेल्वे नोकरी देऊन घेऊन जाणार. मिताली राज, हरमनप्रीत, सगळ्या रेल्वेकडून खेळलेल्या. त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धा रेल्वेच जिंकणार हे ठरलेलं. आमच्या सांगलीच्या स्मृती मंधानाने मात्र महाराष्ट्राची जर्सी ठेवली, म्हणून बाबांना तिचं भारी कौतुक.

पण रेल्वेने नेलं म्हणून कुणी रडत नसे. पेढे वाटायचे. मुलीला पगार सुरू झाला ना! तार्नीटकरदादा, मफलर कुठल्याही संघाचा घ्या, पण २१ नंबरवालीच्या नावाने एक पेढा लेकीला द्या.

वांगीभात

मेलबर्नमध्ये पेढा मिळतो का पण?

तार्नीटकर

@वांगीभात, पेढे, चितळ्यांची बाकरवडी, सगळं मिळतं. फक्त सामना दिलेल्या वेळी मिळत नाही.

सगळ्यांचे आभार. मीनलताई, कॅलेंडरची गोष्ट लेकीला फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रंगीत पेनने काढून दाखवली. ती म्हणाली, "मग वरच्या नऊ मुली बिचाऱ्याच की." ही सहानुभूती घरातल्या भांडी लावण्याच्या कामात का दिसत नाही, हा वेगळा धागा होईल.

परवाच्या सामन्याचं सांगतो. तिसरा क्वार्टर संपल्यावर आत उतरलो. कोचच्या हातात तो पांढरा बोर्ड असतो, त्यावर खेळाडूंच्या नावांची गोल चुंबकं. बऱ्याच चुंबकांवर नीट छापलेली नावं, आणि चार-पाचांवर घोट्याला बांधतात तीच पांढरी पट्टी चिकटवून वर मार्करने लिहिलेलं. एका पट्टीखाली जुन्या नावाची दोन अक्षरं दिसत होती. लेकीने ओळखलं, ती आमच्या २१ नंबरचीच. वरचं नाव नव्या मुलीचं. सतरा-अठरा वर्षांची असेल, गुडघ्यापासून कानापर्यंत चिखल, आणि कोच काय बोलतोय ते ऐकताना तोंड उघडं. चौथ्या क्वार्टरमध्ये तिने एक मार्क घेतला आणि एक बिहाइंड मारला. खडूसराव, एक गुण! मैदानाच्या त्या टोकाला एक बाई, आई असावी, छत्री टाकून नाचत होती.

हरलो आम्ही, अकरा गुणांनी.

परत येताना गाडीत लेक म्हणाली, जर्सीवर नाव नाहीये, नुसता नंबर आहे, मग चालेल. मी काही बोललो नाही. गाडीत सॉसवाली मीट-पाय खाल्ल्याचा वास आणि मागे चिखलाचे बूट.

खडकवासल्याचा_खडूस

मार्क सोपा होता की अवघड?

तार्नीटकर

अवघड. पाठमोरी पळत जाऊन.

खडकवासल्याचा_खडूस

चित्रफीत असेल तर दुवा द्या. रात्री बघतो.

मीनल_जिलाँग

@तार्नीटकर, ती पट्टी चुंबकावर लावणारी ट्रेनरच असते बरं का. आमचं अजून एक न दिसणारं काम.

पुढचा घरचा सामना कधी? मी त्या रविवारी मोकळी आहे, जिलाँगहून गाडीने येते. थालीपीठं आणते.

तार्नीटकर

या की! रविवार, दुपारी १२. तारा, तुम्हीही या, वेरिबी लाइनची गाडी पकडा, स्टेशनवरून घ्यायला येतो. जुने मेलबर्नकर काका-काकूंना पण आग्रहाचं आमंत्रण, या वेळी दारं बंद होणार नाहीत एवढी खात्री देतो.

जुना_मेलबर्नकर

रविवारी दुपारी मंडळाचं नाटक आहे, मी पडदा ओढतो. पण बारालाच सामना असेल तर तीन क्वार्टर बघून पळेन. काकू येणार म्हणतेय, पडद्यापेक्षा बरं.

ट्रामवाली_तारा

मी येते. एसेंडनचा मफलर घालून आले तर चालेल ना?

तार्नीटकर

थांबा, थांबा. आत्ताच क्लबचा निरोप आला. सामना शनिवारी, सकाळी ९:४५.

अनुस्वार

थालीपीठं शुक्रवारीच लावा.